काशीगावची सफर आणि हिकरीचे दोन दांडे

रविवारी बाबा गॅलरीत काठीने गादी झोडपायचे आणि उडणारा कापूस दादा आणि मी, दोघं भावंडं, हवेतच पकडायचो.

ती काठी बाबांच्या कापडगिरणीतली. मागावर सुताचा धोटा या टोकाकडून त्या टोकाला भिरकावणारी, दिवसभर झटके खाणारी. लाकूड अमेरिकेतलं, हिकरी. सागापेक्षा जड, तरीही लवचीक. तिकडे कुऱ्हाडीचे दांडे याचेच करतात. बाबा गेले तेव्हा काठी एक आणि आम्ही दोघं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलं, हिचे दोन दांडे करायचे, दोघांना एकेक हातोडी!

आमच्या पूनम सागर वसाहतीतून सकाळीच शेअर रिक्षा पकडली. मांडीवर पेपरात गुंडाळलेली काठी, पिशवीत हातोड्यांची दोन लोखंडी डोकी.

"मॅडम, क्रिकेट खेलने जा रहे हो?" रिक्षावाला.

"नहीं भैया, ऑपरेशन है इसका!" दादा म्हणाला. खड्ड्यांतून हसत हसत हायवे गाठला. सुताराकडे जायचं तर सकाळीच जावं, दुपारी तो जेवून आडवा होतो.

काशीगावचे सुतार गजाकाका रंधा मारताच थांबले. "ताई, लाकूड हाय का लोखंड? धार गेली माझी!" पण दांडे काय सुरेख निघाले! फिकट, मधाच्या रंगाचे, गुळगुळीत. मी तर नाचायचीच बाकी होते.

मग दादाची घाई. डोकं घट्ट बसावं म्हणून सागाला ठोकतात तशी जाड लोखंडी पाचर त्याने स्वतःच दुसऱ्या दांड्यात ठोकली. टर्र! टोक उकललं.

"बोललो व्हतो ना, थांबा! ह्ये वाकंल, पन पाचरीनं फाटतंय," काका ओरडले.

दुसरी काठी कुठून आणणार? काकांनी चार बोटं लांबीचा फाटका भाग कापून टाकला, बारीक खाच पाडली आणि उरलेल्या हिकरीचीच पातळ पाचर बसवली. बसली!

"मी फोडला, आखूड माझा," दादा म्हणाला.

"राहू दे, मी घेते."

"गप गं! तुझ्या हातात जोर कुठाय? तुला लांबच हवा."

हायवेवर गरम वडे खाल्ले आणि दोन हातोड्या घेऊन वाजतगाजत घरी आलो.

दादा आता नाही. वहिनीने त्याची हातोडीही माझ्याकडेच दिली. तेव्हा घरच्यांनो, लिहून ठेवा: लांब हातोडी दादाच्या लेकीला, मुक्ताला, आखूड माझ्या लेकाला, निखिलला. दांडा हलला तर लोखंड ठोकायचं नाही. बिस्किटांच्या डब्यात पाचरीसाठी हिकरीचे तुकडे आहेत, ते दोघांत अर्धे अर्धे.