हाताची घडी

खालू गुरुजींनी सबंध नोकरीत एकदाही 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं नाही. महाडकडच्या नाते गावाशेजारच्या वाडीतली आमची द्विशिक्षकी शाळा. तिथे त्यामुळे रोजच बाजार भरलेला असे. "बाई, गप्प बसलेलं पोर म्हणजे बंद दुकान. आत काय माल आहे, कसं कळणार?" असं मला सुनावून ते पुन्हा त्या गोंगाटात शिरत. मी नवखी होते, माझं डोकं उठायचं.

खालू हे नाव गावानं ठेवलेलं. वाचताना अडखळणाऱ्या पोरासाठी ते टेबलावर खालूबाजाचा, म्हणजे आमच्याकडच्या ढोल-सनईच्या वाजपाचा, ठेका धरत, की पोर त्या ठेक्यावर अख्खा धडा म्हणून जाई. दुसऱ्या कुणाला नकाशा कागदावर कळत नसे, त्याच्याकडून ते पटांगणातल्या मातीत सावित्री नदी वाहती करून घेत. मग आम्ही सगळे चिखलात.

रुपालीचं गणित मात्र पायांत होतं. बसवली की तिला दोन नि दोन सुचत नसत. गुरुजींनी व्हरांड्यात खडूनं ठिकरीचे चौकोन आखले आणि ही पोरगी लंगडी घालत पाढे म्हणू लागली. तिची आई भांडायलाच आली. "गुरुजी, पोरगी नुसती उड्या मारतेय. शिकत काय नाय!"

"थांब गो जरा. पाढे डोक्यात चढले की उड्या आपोआप सुटतील," गुरुजी म्हणाले. त्यांना तेवढाच अवधी हवा होता.

तो मिळाला नाही. तपासणीला साहेब आले, मुलांना भिंतीशी ओळीनं बसवलं. "सात आठे?" रुपाली नुसते पायाचे अंगठे हलवत राहिली.

"साहेब, तिला उभी तरी राहू द्या," गुरुजींनी अक्षरशः हात जोडले.

"परीक्षेला पाय कशाला लागतात, गुरुजी?" साहेब हसले. शेरा पडला, अप्रगत.

गावात बभ्रा झाला. महाडच्या मोठ्या शाळेची व्हॅन वाडीत येऊ लागली, रुपालीही तिच्यातून जाऊ लागली, पट घसरला आणि आमच्या शाळेला कुलूप लागलं. आम्हा दोघांची बदली पोलादपूरकडे झाली. त्या कुलपाचा मला आजही संताप येतो.

एका शनिवारी गुरुजी म्हणाले, "चला बाई, रुपीला बघून येऊ." मधली सुट्टी होती. मोठ्या शाळेच्या लांब व्हरांड्यात चौकोनी फरशा बघून म्हातारा हरखलाच. बाहेरून एक चपटा खडा आणून त्यांनी तो फरशीवर टाकला. "रुपे, आयते चौकोन गो! सातावर पडलीय ठिकरी. घे लंगडी!"

रुपालीनं खड्याकडे पाहिलं, मग वर्गाच्या दाराकडे. पाय जुळवून ती सरळ उभी राहिली, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

गुरुजींनी खडा उचलून खिशात टाकला. परतीच्या एसटीत मी काहीबाही बोलत होते. ते पोलादपूर येईपर्यंत हाताची घडी घालून खिडकीशी बसले होते. त्यानंतर नव्या शाळेतही त्यांनी टेबलावर कधी ठेका धरला नाही, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना ते गेले.

त्यांचा वर्ग आता माझ्याकडे आहे. फार शांत असतो.