डालग्याखालचे देव

बैलबाजारात मी समोरच्याची भीती हाताने ओळखत असे. आमचा सौदा रुमालाखाली होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, एकमेकांची बोटं दाबून सांगायचा. ज्याला गरज जास्त, त्याचा तळवा ओला होतो. लोहा, मुखेड, लातूर, सगळ्या बाजारांत मी याच जोरावर उभा राहिलो. कुणी मला हात धरून उभं केलं नाही. बापाने तर नाहीच.

बापाकडून मला मिळाली ती एक थप्पड. मी लहान असताना त्याने धम्म घेतला आणि घरातले देव नदीत सोडून यायला आईला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात धाकटी बहीण तापाने गेली. मी रडत रडत म्हणालो, देवी कोपली. भरल्या अंगणात, चार माणसांसमोर, बापाने मला मारलं. संध्याकाळी काही झालंच नाही अशा आवाजात जवळ बसवून सांगितलं: बुद्ध रानात एकटे राहायचे. चालताना भीती आली तर चालतच राहायचे, बसल्यावर आली तर बसूनच राहायचे. ती जाईपर्यंत जागा सोडायची नाही. आपली भीती काढायला दुसरं कुणी येत नसतं.

बोलणं खरं होतं. पण आधी मारायचं कशाला? हा सवाल मी त्याला जिवंतपणी विचारला नाही, आणि तो मेल्यावर मी सोडलाही नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिथे मी दोन खोल्या बांधल्या. इकडे मुखेडजवळच्या आमच्या गावात दुष्काळ. आई एकटी. "चल लातूरला" म्हटलं की तिचं एकच, "हिरीला पानी हाय तवर मी हितंच." विहिरीत आता पाणी लागणार नाही हे तिला डोळ्यांनी दिसावं म्हणून मी गाळ काढायला माणसं लावली.

खालून हाक आली, "मालक, गाठोडं हाय!"

वर आलं ते कुजलेलं फडकं. आत पितळेचे टाक, आमच्या घरातल्या देवांचे चेहरे उठवलेले पत्रे. आई होती तिथेच मातीत बसली.

"नदीत सोडले होते ना?" मी ओरडलो.

"लांब धाडलं तर रागावतील वाटलं. जवळ असू द्यावं म्हनलं."

"आणि आपण तेच पाणी पीत राहिलो?"

"तुझी बहीन गेली तवापासून रोजचा पहिला घोट मी भिऊनच पेले, लेकरा. तुझ्या बापाला सांगते कशी?"

टाक घरात आणले आणि कोपऱ्यात कोंबड्या झाकायच्या वेताच्या डालग्याखाली ठेवले. दाणा नव्हता म्हणून कोंबड्या केव्हाच विकल्या होत्या. आईने ठरवून टाकलं, "ह्यांचं काही केल्याबिगर मी येनार न्हाई." करणार काय? सोडायला नदीत पाणी नव्हतं. मी थांबून राहिलो. बाजारात कुणाच्या बापाला न भिणारा मी, त्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवू शकत नव्हतो. भर दुपारी डालग्याच्या फटीतून काळवंडलेलं पितळ दिसायचं. इतकी वर्षं बहिणीचा चेहरा आठवत नव्हता. त्या फटीत तो दिसायला लागला.

एकदा आई म्हणाली, "उचल ते डालगं."

माझं डोकं फिरलं. "मी का उचलू? लपवले तू, निस्तर तू. मी काय भितो होय?"

"हात आन हिकडं."

तिने माझा हात पदराखाली घेतला, बाजारात घेतात तसा. मग हसली. "वला हाय की रे, सौदागर."

मी हात हिसकून घेतला.

"तुझ्या बापाचा बी असाच व्हता. तुला मारलं त्या दिवशी मीच धरला तो हात. पानी गळत व्हतं हातातून."

ती डालग्यासमोर जाऊन बसली. बराच वेळ हलली नाही. ओठ थरथरत होते, ते थांबले. मग तिने स्वतःच डालगं उचलून बाजूला ठेवलं.

"एवढुसेच व्हते?" ती म्हणाली. "माझ्या डोळ्याम्होरं लई मोठे व्हते."

तिने ते राखेने घासले. पुढे गल्लीत भांडेवाला आला तेव्हा टाक आणि एक फुटकी घागर मोडीत देऊन पितळेचा तांब्या घेतला. तो मांडीवर घेऊनच ती एसटीने लातूरला आली आणि असेपर्यंत त्यानेच पाणी प्यायली.

आता तांब्या माझ्याकडे आहे. घासतो, भरतो, तोंडाला लावत नाही. कधी कधी भरलेला तांब्या समोर ठेवून बसतो. बापाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. फक्त आता त्याचा ओला हातही आठवतो. तळव्याला घाम येतो. पण मी उठत नाही.