मी विझवलेला भात

आमच्या दम्मामच्या इमारतीला आजवर एकदाही आग लागलेली नाही. तरीही ती मी एकदा विझवली आहे.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. मूळचा चिपळूणचा, पण आता सौदीत इतकी वर्षं झाली आहेत की चिपळूणला गेलो की मलाच उकडतं. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, पट्टा लावा, सिगारेट विझवा, असं ओरडत फिरणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. घरी आल्यावरही तो थांबत नाही, अशी सुलभाची, म्हणजे माझ्या बायकोची, तक्रार आहे. ("मी गॅसजवळ उभी राहिले तरी हा माणूस माझ्याकडे अपघात झाल्यासारखा बघतो!") इमारतीच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर आग विझवायची जी लाल नळकांडी टांगली आहेत, ती मालकाच्या मागे लागून मीच बसवून घेतली. त्या दिवसापासून मालक मला बघून जिना बदलतो. आमच्या इमारतीला जिना एकच आहे, म्हणजे बघा!

माझं दुसरं समाजकार्य म्हणजे नव्याने आलेल्या माणसाला सौदीत रुळवणं. कुणी मला नेमलेलं नाही. अशी कामं नेमणुकीची वाट बघत नाहीत.

ऐन जूनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर कायोदे आणि त्यांची बायको फोलाके राहायला आले. नायजेरियातल्या इबादान गावचे. तो सरकारी दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर, ती फार्मासिस्ट. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरून अशी काही आरोळी आली की मी थेट वर धावलो. कायोदे टॉवेल गुंडाळून दारात उभा, खांदे चोळत.

"अंकल, मी थंड पाण्याचा नळ सोडला होता!" तो इंग्रजीत कळवळला.

"तिथेच चुकलास," मी म्हणालो. "इथे उन्हाळ्यात निळा नळ म्हणजे गरम आणि लाल नळ म्हणजे थंड."

त्याने माझ्याकडे, मी काहीतरी घेतलं आहे की काय, अशा नजरेने पाहिलं. मग मी त्याला समजावलं. पाण्याची टाकी गच्चीवर उन्हात. तिचं पाणी उकळत निळ्या नळातून थेट अंगावर येतं. पण गीझर असतो घरात, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवायचा. त्यात साठून राहिलेलं पाणी निवतं आणि लाल नळातून गार येतं. हिवाळा आला की पुन्हा सरळ. कायोदेने आत जाऊन लाल नळ सोडला आणि बाहेर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. फोलाकेने तर गुडघे वाकवून मला नमस्कार केला! त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच करतात म्हणे. आमच्या घरात माझ्यासाठी गुडघे सोडाच, कुणी सोफ्यावरचे पायसुद्धा खाली घेत नाही. मी त्याच क्षणी त्या कुटुंबाला मनाने दत्तक घेतलं.

मग माझं शिकवणं जोरात सुरू झालं. धुळीचं वादळ आलं की दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा. शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी बकालावरून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, पाव आणून ठेवायचा, नाहीतर त्या दुकानाच्या बंद दाराकडे बघत बसावं लागतं. सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी कामाला जायचं. हे त्यांनी विसरू नये म्हणून पहिल्याच रविवारी मी पहाटे त्यांची बेल वाजवली.

"डॉक्टर, उठा! आज रविवार, कामाचा दिवस!"

"अंकल," दार धरून उभा असलेला कायोदे डोळे न उघडता म्हणाला, "मी आत्ताच रात्रपाळी करून आलोय."

चांगली माणसं होती. बेल काढून टाकली नाही.

हिवाळ्यात फोलाकेला मुलगा झाला. घरातलं पहिलं नातवंड! त्यासाठी इबादानहून कायोदेची आई आली. तिला सगळे ममा म्हणत, मीही म्हणू लागलो. उंच, भारदस्त बाई, आणि तिची एक बॅग नुसत्या मिरच्या-मसाल्यांची. त्यांच्याकडे बारसं आठव्या दिवशी करतात, आणि ते नेमकं शुक्रवारी येत होतं. दम्माममधले, कतीफचे त्यांचे लोक येणार होते. काही जण तर हफ्र अल बातिनहून, इतका लांबचा रस्ता गाडी हाकत.

"इथे आल्यापासून माझ्याकडे कुणी जेवायलाच आलं नाही," फोलाके बाळाला थोपटत सुलभाला म्हणाली. "इबादानला असते तर अख्खी गल्ली आली असती. हा एक दिवस तरी घरच्यासारखा व्हायला हवा."

सुलभाचे डोळे भरून आले. माझेही. मी लगेच म्हणालो, "काही काळजी करू नका. सेफ्टी माझ्याकडे!"

"सेफ्टी कुणी मागितली?" सुलभा मराठीत पुटपुटली.

बारशाचा मुख्य पदार्थ म्हणजे जॉलोफ. टोमॅटो आणि मिरचीच्या वाटणात शिजवलेला लालभडक भात. प्रचंड पातेलं घरात मावेना, म्हणून ममाने गच्चीवर शेगडी मांडली. शुक्रवारी सकाळी मी वर जाऊन गॅसची नळी साबणाचं पाणी लावून तपासली, सिलिंडर टाकीपासून लांब सरकवला आणि ममाला सुरक्षित स्वयंपाकावर छोटंसं व्याख्यान दिलं.

"हो बाळा," ममा म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. शेवटी शेवटी या भाताला..."

"शेवटी शेवटीच लोक गाफील राहतात, ममा!" मी तिला तोडत म्हणालो. "अपघात होतात ते तेव्हाच!"

ममा मान हलवून टोमॅटोंकडे वळली. मला वाटलं, पटलं.

मग मी नेहमीप्रमाणे कतीफच्या मासळीबाजारात गेलो. (कोकणी माणसाचा शुक्रवार दुसरीकडे जाऊच शकत नाही.) झक्कास सुरमई मिळाली. पिशवी घेऊन खूश होत इमारतीत शिरलो, तर जिन्यात जळका वास! वर जावं तसा वाढणारा! गच्चीचं दार उघडलं. कुणी माणूस नाही. शेगडी पेटलेली, पातेल्यावर घट्ट झाकण, आणि झाकणाच्या कडेने काळसर धूर.

माझ्या आयुष्यात मी आग विझवण्याचं प्रशिक्षण शेकडो लोकांना दिलं आहे. प्रत्यक्ष आग मात्र मला कधी मिळालेली नव्हती. ती आज मिळाली!

सुरमई खाली टाकली. जिन्यातलं नळकांडं उपसलं. आधी गॅस बंद केला (शाबास मी!), मग खात्री करून घ्यावी म्हणून झाकण उचललं. आतून धुराचा लोट थेट तोंडावर आला. एवढा पुरावा बास होता. पिन ओढली, नळी धरली, दांडा दाबला आणि शिकवतो तसं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे! पातेलं पावडरीने पांढरं झालं. शेजारी परातीत तळलेली कोंबडी होती. तिला धोका नको, म्हणून तिच्यावरही एक हात फिरवला. तळलेल्या केळ्यांनाही सोडलं नाही. नळकांडं रिकामं झाल्यावरच थांबलो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. फोटो काढायला कुणीतरी हवं होतं, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात ममा आली. डोक्याला बांधायचं ते भरजरी कापड अर्धं बांधलेलं, अर्धं हातात. मागे कायोदे, मागे सुलभा.

"ममा, घाबरू नका," मी म्हणालो. "वेळेवर पोचलो. भात जळत होता!"

ममाने पातेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पातेल्याकडे.

"तो जळायलाच हवा होता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अंकल," कायोदे अगदी हळू बोलला, रुग्णाला भूल देताना बोलत असावा तसा, "समारंभाचा जॉलोफ तळाशी मुद्दाम लागू देतात. तो धुराचा वास वरच्या भातात उतरतो. त्या वासाशिवाय आमच्याकडे कुणी त्याला समारंभाचं जेवण म्हणणारच नाही."

"मी सकाळी हेच सांगत होते," ममा म्हणाली.

पाहुणे वाटेवर. हफ्र अल बातिनवाले तर केव्हाच निघालेले. मसाल्यांची बॅग रिकामी, तांदूळ संपलेला, आणि खाली फोलाके नव्या झग्यात बाळाला घेऊन त्या एका घरच्यासारख्या दिवसाची वाट बघत बसलेली.  शरम म्हणजे काय ते मला त्या पांढऱ्या गच्चीवर कळलं.

"ममा, माफ करा," मी म्हणालो. "काय करू सांगा."

"आमच्याकडे पुरुष आईची माफी मागतो तेव्हा जमिनीवर आडवा होतो," ममा म्हणाली. मला वाटतं, ती रागाने नुसती माहिती देत होती. पण आपल्याला लहानपणापासून साष्टांग नमस्काराची सवय! मी तिथल्या तिथे पालथा पडलो. कपाळ, छाती, गुडघे, सगळं पावडरीत टेकवून, हात जोडून.

ममा वाकून बघू लागली.

"हे तुला कुणी शिकवलं?" ममाचा आवाज एकदम मऊ झाला. "माझा मुलगासुद्धा इतकं नीट करत नाही! ऊठ बाळा, ऊठ."

उठलो असतो. पण कमरेत उसण भरली होती.

कायोदे आणि सुलभाने दोन बाजूंनी धरून मला उभं केलं. मग सुलभाने पदर खोचला. (ती पंजाबी ड्रेसमध्ये होती, पण तिने तो खोचलाच!) नमाजासाठी दुकान बंद व्हायच्या आत बकालावर फोन करून बिर्याणीचा सेला तांदूळ, टोमॅटो आणि कोंबड्या मागवल्या. आम्हा मराठी मंडळींच्या जेवणांचं मोठं पातेलं आमच्याच पलंगाखाली असतं, ते बाहेर निघालं. प्रश्न मिरचीचा. सुलभाने ममापुढे ब्याडगी ठेवली. ममाने ती चघळली आणि विचारलं, "ही रंगासाठी असते का?" मग सुलभाने कपाटाच्या मागच्या डब्यातली गावाकडची लवंगी मिरची काढली. ममाने एक खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं.

"ही," ती समाधानाने म्हणाली, "ही मिरची बोलते!"

त्या दोघींनी मिळून आमच्या स्वयंपाकघरात जॉलोफ रांधला. कोंबड्या पुऱ्या पडेनात, तेव्हा माझी सुरमई तळून पाहुण्यांना गेली. मी एका शब्दाने विरोध केला नाही. पाहुणे बसल्यावर शेवटच्या टप्प्याला ममाने मला पातेल्याजवळ स्टुलावर बसवलं.

"आता हा लागेल. धूर येईल. तू फक्त बघायचं."

आमची दहावीतली मुलगी ईशा शेजारी पहाऱ्याला. "पापा, प्लीज, डोन्ट टच एनीथिंग!"

धूर आला. माझे हात शिवशिवले. मी ते मांड्यांखाली दाबून ठेवले. मग तो वास नाकात शिरला आणि मी चमकलो. अहो, ही तर खरपुडी! भाताच्या तपेल्याच्या तळाची ती करपलेली, कुरकुरीत पापडी, जिच्यासाठी मी लहानपणी थोरल्या भावाचा हात चावला होता. तिच्यावर मी आज अख्खं नळकांडं रिकामं केलं!

बारसं झोकात झालं. बाळाच्या जिभेला मध लावला, त्यांच्या रीतीप्रमाणे प्रत्येक वडीलधाऱ्याने त्याला एकेक नाव ठेवलं. फोलाके हसत होती, नाचतही होती. तिचा दिवस घरच्यासारखा झाला, हे तिच्याकडे बघून कळत होतं, आणि माझा जीव भांड्यात पडला. ममाने सुलभालाही एक नाव ठेवायला लावलं. तिने 'आनंद' ठेवलं. मला कुणी विचारलं नाही. पाहुणे गेल्यावर मात्र ममाने माझ्या ताटात तळाची सगळी खरपुडी वाढली. मी ती कुणालाही न देता खाल्ली.

परवा पलीकडच्या फ्लॅटमध्ये लागोसहून एक नवं जोडपं आलं. मी त्यांना रुळवायला पायात चप्पल सरकवतच होतो, तर जिन्यात फोलाकेचा आवाज. मी दाराआड थांबलो.

"उन्हाळ्यात लाल नळ थंड असतो हं," ती सांगत होती. माझी छाती फुगली. "वादळात ओला टॉवेल दाराला लावायचा." आणखी फुगली. आता माझं नाव येणार, म्हणून मी कान दाराला लावला. आणि ते आलं.

"बाकी सगळ्याची इथे सवय होते," फोलाके म्हणाली. "फक्त घरी जॉलोफ करणार असाल, तर तळ लागायच्या आधी खालच्या अंकलना कतीफला मासे आणायला पाठवायचं. आणि ते परत यायच्या आत जेवून घ्यायचं!"