करीमभाईंच्या मशीनचं चाक

धागा पुन्हा तुटला. करीमभाईंनी तो सुईत ओवला आणि बायकोला चाक फिरवायला सांगितलं. झुलेखाभाभींनी फिरवलं. दोन टाके पडले, खाली दोऱ्याचा गुंता झाला आणि धागा तुटला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. चाक मी बसवलेलं होतं.

मी तेव्हा जालन्यात कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. करीमभाई तिथल्याच मस्तगड मोहल्ल्यातले दर्जी, अंमलदारांच्या शेरवान्या शिवणारे. अंबडच्या रस्त्यावर बैलगाडी उलटली आणि त्यांचं कंबरेखालचं अंग गेलं. हात शाबूत, नजर शाबूत. पण मशीन पायाचं.

पायाच्या मशीनला खाली लोखंडी जाळी असते. पायानं ती वर-खाली होते. तिला जोडलेला दांडा मोठं चाक गोल फिरवतो. तिथून पट्टा वरच्या छोट्या चाकावर जातो आणि मशीनच्या आत ती गोल गती परत वर-खाली होऊन सुईला मिळते. पाय गेले म्हणजे सुरुवातच गेली. हातानं फिरवायचा दांडा मिळतो, पण मग उजवा हात त्यात अडकतो. शेरवानीच्या गळ्याची गोलाई एका हातानं शिवता येत नाही.

म्हणून मी ते मोठं चाक काढून लाकडी घोडीवर बसवलं आणि त्याला मूठ लावली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, पट्टा कुठं मिळेना. मॅनेजरसाहेबांकडे जुना तुकडा मागितला.

"फॅक्टरीचा माल बाहेर जात नाही, मिस्त्री."

मी म्हणालो, तुमची शेरवानी त्यांनीच शिवलेली आहे. साहेबांनी खिडकीबाहेर बघत विचारलं,

"भंगारातला आहे का?"

"हो, साहेब."

"मग मला कशाला विचारता?"

गुंता का होतोय ते जरा वेळानं माझ्या ध्यानात आलं. खोली अरुंद. भाभी नवऱ्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसल्या होत्या आणि मूठ स्वतःपासून दूर ढकलत होत्या; अंगाकडे ओढायला त्यांच्या हाताला जोर येत नव्हता. शिलाई मशीनचं चाक मात्र शिवणाऱ्याच्या अंगाकडे फिरावं लागतं. सरळ पट्टा दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरवतो. मी पट्टा उतरवला आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन चढवला. आता एक चाक जिकडे जाईल, दुसरं त्याच्या उलट. भाभींनी फिरवलं. टाका बसला.

काही वर्षं दोघं तसंच शिवत राहिली. सुरुवातीला करीमभाई सांगायचे, हळू, थांब, चल. पुढं ते बंद पडलं. मी शर्टाचं कापड घेऊन जायचो, तेव्हा त्यांच्या गप्पा भलत्याच चाललेल्या असायच्या, भाभींच्या माहेरच्या किंवा शेजारच्या लग्नाच्या. पण गोलाई आली की भाभींचा हात मंदावायचा. सरळ शिलाईला परत वेग घ्यायचा.

भाभी तापानं गेल्या. त्यांचा चाळिसावा झाल्यावर करीमभाईंनी मला बोलावलं. मशीनवर अर्धी शेरवानी होती. शेजारच्या हुसेनला त्यांनी चाकावर बसवलं होतं. माणूस चांगला, ताकदीचा. पण फिरवायचा एकसारखा. करीमभाई थांब म्हणेपर्यंत सुई पुढं गेलेली असायची. गळ्याचे टाके वाकडे गेले होते.

मला वाटलं, यावर आमच्या फॅक्टरीत इलाज आहे. कापसातली सरकी काढायच्या जिनच्या दांड्यावर शेजारी-शेजारी दोन पुल्या असतात. एक दांड्याला पक्की, दुसरी मोकळी. पट्टा मोकळीवर सरकवला की इंजिन चालूच राहतं आणि जिन थांबतो. तशी छोटी जोडी मी मशीनला बसवली. पट्टा सरकवायची दांडी करीमभाईंच्या कोपराशी आणली.

हुसेन फिरवत राहिला. करीमभाईंनी कोपर हलवलं, मशीन थांबलं. परत हलवलं, चाललं. वाकडे टाके उसवून त्यांनी गळा पुन्हा पुरा शिवला. टाके सरळ होते. त्यांनी कापड उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं.

"बराबर हाय, मिस्त्री. तुमची काही कसर न्हाई."

"मंग?"

ते शेरवानीची घडी घालत बसले. घडी झाली, तरी हात तिच्यावरून फिरतच होता.

"ती शेजारी बसायची तवा मी शिवत होतो," ते म्हणाले. "आता नुसतं मशीन चालवून राह्यलो. हे सगळं काढून टाका. हाताचा दांडा लावा."

मी समजावून पाहिलं. गोलाईचं काम सुटेल, शेरवान्या जातील, उशांचे अभ्रे तेवढे राहतील. ते ऐकेनात.

मी दांडा लावून दिला. पुढं ते उजव्या हातानं फिरवत आणि डाव्यानं कापड सरकवत सरळ शिलाई करायचे. अंमलदार दुसऱ्या दर्ज्याकडे जायला लागले. मला मात्र त्यांच्या खोलीत फार वेळ बसवायचं नाही.

गोल गतीची दिशा बदलता येते, ती हवी तिथं तोडता येते. त्या खोलीत मी हे दोन्ही केलं आणि दोन्ही बरोबर झालं. काम तेवढं फसलं. तेव्हापासून कुणी काही जुळवून मागितलं की मी आधी विचारतो, हे फिरवणार कोण? गिऱ्हाइकांना हा प्रश्न फालतू वाटतो.