सहा स्लॉटचा बोर्ड

खामगावला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत अश्वजित तायडेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एक शटर, आत एक लांब टेबल आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या वायरी, एवढाच पसारा. मोताळ्याच्या, उंद्रीच्या ग्रामपंचायतींची बंद पडलेली मशीनं त्याच्याकडे यायची. गिऱ्हाइकाशी तो फार बोलायचा नाही. काय झालं होतं असं कोणी विचारलं, की काढलेला जळका भाग त्याच्या तळहातावर ठेवायचा. घरी मात्र तो जेवायला बसला की बोलत सुटायचा. त्याची बायको समता कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होती. तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण ती ताट बाजूला सारून ऐकत बसायची.

२०१९पासून त्याने एकेक करून सहा ग्राफिक्स कार्डं जमवली होती. ही कार्डं एका मशीनला जोडून चालू ठेवली की ती सतत गणितं सोडवत बसतात आणि त्या बदल्यात इंटरनेटवरचं एक चलन थोडं थोडं आपल्या नावावर जमा होतं, असं त्याने समताला सांगितलं होतं. कार्डांची खोकी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होती. ती बसवायला अॅल्युमिनियमच्या अँगलची चौकट त्याच्या शाळेपासूनच्या मित्राने, गफ्फारने, आपल्या वेल्डिंगच्या दुकानात करून दिली होती. दोन पॉवर सप्लाय होते, जुना प्रोसेसर होता, वायरी होत्या. राहिला होता फक्त मदरबोर्ड, ज्यावर हे सगळं जोडायचं.

त्यावर त्याचं वर्षभर ठरत नव्हतं. साध्या मदरबोर्डावर कार्ड लावायला दोन-तीनच जागा असतात, ज्यांना स्लॉट म्हणतात. त्याला सहा हव्या होत्या. "कार्ड कोणतंही असलं तरी चालते," तो म्हणायचा, "बोर्ड चुकला का सगळंच अडते." मग वहीत काहीतरी लिहायचा, खोडायचा आणि झोपायला जायचा.

२०२१च्या फेब्रुवारीत, भर दुपारी, दुकानात एका प्रिंटरचं झाकण बसवताना त्याच्या हातून स्क्रू पडला. तो उचलायला वाकला आणि त्याला पुन्हा उठता आलं नाही. समोरच्या चहावाल्याने गफ्फारला फोन केला. गफ्फारने त्याला आधी गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथून अकोल्याला न्यायला सांगितलं, मग गाडी शोधण्यात वेळ गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी समताला विचारलं, किती वाजता पडले. तिने सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. नंतर एका नर्सकडून तिला कळलं, की लकव्याच्या झटक्यात लवकर आणलं तर एक इंजेक्शन देतात, ती वेळ निघून गेली होती.

अठरा दिवसांनी अश्वजित घरी आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, आणि वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता, 'हाव', म्हणजे हो. भूक लागली का, हाव. जेवण झालं का, तरी हाव. दुखते का, हाव. समता त्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधायची. कधी तो बरोबर निघायचा. कधी तिने तोंडाशी धरलेला घास तो डाव्या हाताने ढकलून द्यायचा आणि ढकलतानाही हावच म्हणायचा.

अकोल्याला वाचेचे व्यायाम घेणाऱ्या एक मॅडम होत्या. चार वेळा जाणं झालं आणि कोरोनाची दुसरी लाट आली, मग सगळं फोनवर. त्यांनी समताला सांगितलं, मिस्टरांच्या रोजच्या कामातल्या वस्तू समोर ठेवत जा, शब्द यायचा असेल तर तिथून येईल. समताने त्याचा पेचकस आणला, मल्टिमीटर आणला, जुना कीबोर्ड आणला. तो वस्तू हातात घ्यायचा, बरोबर बाजूने धरायचा. नाव विचारलं की हाव.

दुकान बंदच होतं. अश्वजितचे वडील जानराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरीच असत. ते म्हणाले, कार्डं विकून टाक, सध्या बाजारात मिळत नाहीत म्हणतात. त्यांचं चुकीचं नव्हतं. एक गिऱ्हाईकही त्यांनी शोधून आणलं. समताने कपाटाचा खालचा खण उघडला, खोकी बाहेर काढली. तेवढ्यात पलंगावर अश्वजितने डाव्या हाताने गादीवर थापा मारायला सुरुवात केली. हाव, हाव, हाव.

"पाह्य, हाव म्हणते तो," जानराव म्हणाले.

"बाबा, ते सगळ्यालेच हाव म्हणतात," समता म्हणाली.

आलेला माणूस चप्पल घालून निघून गेला. समताने खोकी परत आत ठेवली. आपण ठीक केलं का, हे तिला कळलं नाही. अश्वजित भिंतीकडे तोंड करून पडला होता.

त्या दिवसानंतर तिच्या मनात बसलं, की याचं राहिलेलं काम आपण पुरं करायचं. चौकट उभी राहिली, कार्डं लागली, तर ती त्याच्या डोळ्यांसमोर राहतील. मॅडम म्हणाल्या होत्या ते यातूनच होईल. तिने त्याची वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तीन बोर्डांची नावं होती. एकाखाली रेघ होती, एकापुढे प्रश्नचिन्ह होतं, एक खोडून पुन्हा लिहिलं होतं. कशाचा अर्थ काय, हे तोच सांगू शकत होता.

ग्रंथालयात तिला पुस्तकांच्या नोंदी करायची सवय होती. तिने बोर्डांच्याही केल्या. जेवणाच्या सुट्टीत ती अकोल्याच्या, नागपूरच्या दुकानदारांना फोन लावायची. ते भराभर बोलायचे, ती 'सावकाश सांगा' म्हणत लिहून घ्यायची. दोन महिन्यांत तिला एवढं उमगलं. पहिला बोर्ड नवा होता, पण त्याला तीनच स्लॉट. एका स्लॉटचे चार करणारा एक जोड मिळतो, तो लावावा लागला असता, आणि तो कधी चालतो, कधी चालत नाही. दुसरा मुद्दाम याच कामासाठी काढलेला, भरपूर स्लॉटचा, पण त्याला नवा प्रोसेसर लागणार. तिसरा सहा स्लॉटचा, घरात असलेल्या प्रोसेसरवर चालणारा, पण कंपनीने कधीच बंद केलेला. तो जुना, वापरलेलाच मिळणार होता. नागपुरात एकाकडे होता.

अकोल्याच्या एका दुकानदाराने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. ज्या चलनासाठी हे करता, ते पुढेमागे कार्डांशिवायच चालणार आहे अशी बोलणी आहेत. कधी, असं तिने विचारलं. तो म्हणाला, तीन वर्षं झाली नुसतं बोलूनच राह्यले. तिने तेही लिहून ठेवलं.

एका रविवारी सकाळी तिने तिन्ही बोर्डांचे मोठे फोटो छापून आणले आणि अश्वजितच्या पुढ्यात पलंगावर मांडले. गफ्फार आला होता, तोही बाजूला बसला.

"तुमाले यातला कोणता पाह्यजे होता?" तिने विचारलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

"हाव."

दुसऱ्यावर ठेवलं. हाव. तिसऱ्यावर ठेवलं. हाव. तिने फोटोंची जागा बदलून पुन्हा विचारलं. गफ्फार उठून दारात जाऊन उभा राहिला. समता फोटो गोळा करायला लागली, तेव्हा अश्वजितने डावा हात पुढे केला आणि तिसरा फोटो दाबून धरला. मग तर्जनी सरकवत सरकवत त्याने बोर्डावरची एक जागा गाठली, खालच्या कोपऱ्यातला एक छोटा स्लॉट, आणि तिथे टकटक केलं. पुन्हा टकटक केलं. समताकडे पाहिलं.

"हाच का?" तिने विचारलं. "हा घेऊ?"

"हाव," तो म्हणाला आणि पुन्हा त्याच जागी टकटक केलं.

फेब्रुवारीनंतर त्याने पहिल्यांदा आपणहून काही सांगितलं होतं. समताने त्या दुपारी नागपूरला फोन केला.

बोर्ड दिवाळीनंतर आला, जुन्या वर्तमानपत्रात आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. समता आणि गफ्फारने मोबाइलवर व्हिडिओ पाहत पाहत सगळं जोडलं. अश्वजितला खुर्चीत बसवून समोर ठेवलं होतं. समताने प्रोसेसर उचलला तेव्हा तो पुढे झुकला. ती उलट बाजूने बसवायला निघाली, तर त्याने घशातून आवाज काढला, तिने फिरवला, तो गप्प झाला. त्यालाच बोटं मिळाली आहेत आणि ती आपली आहेत, असं तिला त्या तासाभरात वाटत राहिलं. मशीनचे प्रोग्राम ठेवायची, कपाटात सापडलेली, च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्कही तिने बोर्डावर तिच्या जागी बसवली. ती बसवताना अश्वजितने पुन्हा आवाज काढला. तिने डिस्क फिरवून पाहिली, ती एकाच बाजूने बसत होती. तिने स्क्रू आवळला.

मशीन चालू झालं. पंखे फिरले. पडद्यावर पाच कार्डं दिसली. सहावं नव्हतं.

त्यांनी कार्ड बदललं, वायर बदलली, पॉवर सप्लाय बदलला. पाचच. आठवडा गेला. नागपूरचा माणूस म्हणाला, माझ्याकडे सहा चालत होती. गफ्फारला वाटलं, बोर्ड खराब आला. अश्वजितला खुर्चीत आणलं, की तो डावं बोट चौकटीकडे करायचा. कोपऱ्यातला तोच छोटा स्लॉट. सहावं कार्ड त्यालाच लावलेलं होतं.

शेवटी समताने बोर्डाचं माहितीपुस्तक इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि ग्रंथालयातला शब्दकोश शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचलं. एका तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात एक टीप होती. पट्टीची डिस्क लावली, तर कोपऱ्यातला स्लॉट बंद राहतो. दोघांना मिळून एकच रस्ता आहे.

तिने घरी येऊन डिस्क काढली, सगळं पेनड्राइव्हवर चालू केलं. सहावं कार्ड दिसलं. गफ्फारने टाळी वाजवली. जानराव आतून उठून पाहायला आले.

समता मात्र खाली फरशीवर बसली. त्या रविवारी अश्वजित 'हा घे' म्हणत नव्हता. 'हा घेशील तर इथं अडेल' असं सांगत होता, किंवा 'हा घेऊ नको' म्हणत होता. यातलं कोणतं, हे आताही कळायला मार्ग नव्हता. नऊ महिन्यांत तो एकदाच काही बोलला होता आणि तिने ते भलतंच समजून घेतलं होतं. मग बाकीच्या दिवसांत त्याने काय काय सांगितलं असेल, आणि आपण काय काय समजलो असू?

"तुम्ही नाई म्हणून राह्यले होते का त्या दिवशी?" तिने विचारलं.

"हाव," अश्वजित म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पाणी त्याच्या डोळ्यांत कशानेही यायचं, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं.

मशीन चाललं. अश्वजित रोज सकाळी त्यासमोर बसायचा, पंख्यांचा आवाज ऐकायचा. एखादा पंखा खरखरला तर त्याला समताच्या आधी कळायचं. शब्द मात्र आला नाही. मॅडमनी फोनवर सांगितलं, धीर धरा, आणि मग म्हणाल्या, पहिल्या सहा महिन्यांत जे यायचं ते बहुतेक येतं. एप्रिलमध्ये खोली इतकी तापली, की दुपारी मशीन बंद ठेवावं लागलं. बंद असलं की तो चिडायचा. की उकडायचं म्हणून चिडायचा, कोण जाणे.

२०२२च्या सप्टेंबरात अकोल्याच्या दुकानदाराचं ते बोलणं खरं झालं. त्या चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांची गरज उरली नाही. गुरुवारी दुपारी समता घरी आली तर पंखे नुसतेच हळू फिरत होते, पडद्यावर जोडणी तुटल्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. अश्वजित ती वाचत बसला होता. त्याला ती वाचता येत होती की नाही, तिला माहीत नव्हतं. तिने शेजारी बसून सगळं समजावून सांगितलं. जगभर बंद झालं, आपलं एकट्याचं नाही, तुमचं काही चुकलं नाही. तो ऐकत होता.

गफ्फार म्हणाला, दुसरं एखादं चलन लावून पाहू. अकोल्याच्या दुकानदाराने सांगितलं, त्यात आता विजेचा खर्चसुद्धा निघत नाही. कार्डं विकायची, तर सगळं जगच ती विकायला बसलं होतं. जानराव एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं समताला वाटलं, म्हणजे तिला त्यांच्यावर रागावता आलं असतं.

विकण्याआधी तिने अश्वजितला विचारलं. तिला वेगळं काही विचारता येत नव्हतं. कार्ड हातात देऊन विचारलं, हे देऊन टाकू का. हाव. ठेवू का. हाव. त्याने कार्ड उलटं केलं, बोटाने त्यावरच्या पंख्याच्या पात्यावरची धूळ पुसली आणि तिला परत दिलं. पुढच्या महिन्यात पाच कार्डं गेली. त्याने पुसलेलं तिने ठेवलं. बोर्ड कोणी घेतला नाही, त्या कामाशिवाय त्याचा उपयोग नव्हता.

आता अश्वजितला काठीने चालता येतं. सकाळी तो गफ्फारच्या दुकानापर्यंत जातो आणि ठिणग्या उडत नाहीत अशा बाजूला खुर्ची टाकून बसतो. गेल्या दोन वर्षांत त्याला चार-पाच शब्द आले, कुठून आले ते मॅडमनाही सांगता आलं नाही. 'पाणी' हा त्यातला एक. समताचं नाव अजून आलेलं नाही. ती स्वयंपाकघरात असली की तो कधी कधी पाणी म्हणून हाक मारतो. ती पेला भरून घेऊन जाते. कधी तो पेला घेतो आणि पितो. कधी पेल्याकडे पाहतही नाही, नुसतं तिच्याकडे पाहतो, मग ती पेला खाली ठेवून जवळ बसते आणि एकेक गोष्ट विचारायला लागते.