कुठला तरी एक बैल

बी. ए. होऊन मी मुरबाडला मास्तर म्हणून आलो तेव्हा तिथला इंग्रजीचा वर्ग नुकताच निघाला होता, आणि तो टिकेल अशी फारशी कोणाला आशा नव्हती. मी शहापूरकडचा. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. ज्या मास्तरांनी मला हाताला धरून वर आणलं त्यांचं ऋण इथल्या पोरांना शिकवून फेडायचं, असं मनाशी ठरवून मी आलो होतो. शाळा कमिटीच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी मला जमिनीवर आणलं. मोठी भातशेती असलेले हे गृहस्थ. सारा गाव त्यांना काका म्हणे.

"मास्तर, म्हसाच्या जत्रेपर्यंत बघू," काका म्हणाले. "तवर पोरं काय शिकली नाय, तर वर्ग बंद. त्यांचे बाप रोज माझं डोकं खातात, गुरांमागं कोन जानार म्हनून."

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि आम्ही 'अ' आणि 'द' यांच्यापाशीच अडकून बसलो होतो.

इंग्रजीत वस्तूच्या नावाआधी हे दोन चिमुकले शब्द येतात. कुठली तरी एक वस्तू असेल तर 'अ'. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेली, तीच ती असेल तर 'द'. मला हा नियम तोंडपाठ होता. पण तो करणाऱ्या साहेबाने मुरबाड पाहिलेलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, "अ ट्री. कुठलं तरी एक झाड."

वैशाखऱ्याहून येणारा एक मुलगा होता, हुशार आणि भांडखोर. तो उभा राहिला. "कुठलं तरी कसं गुरुजी? तो विहिरीवरचा आंबा हाय. गेल्या साली त्याच्यावरनं हा पडला." आणि त्याने पडलेल्या मुलाला उभं करून कोपर दाखवायला लावलं.

कुत्रा दाखवला, तर तो सुताराचा लंगडा निघाला. रस्त्याने बाई चालली होती, ती कोणाची तरी मावशी निघाली. शेवटी मी फळ्यावर एक गाय काढली. ही तरी कोणाच्या ओळखीची नसणार! पोरं बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग मागून आवाज आला, "पाटलांची मोडक्या शिंगाची!" माझं एक शिंग काढताना जरा बिघडलं होतं, हे खरं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "द काऊ!"

काका एकदा वर्गात येऊन बसले. जाताना म्हणाले, "इतके महिने झाले, आनि पोरं अजून एका अक्षरावर?"

"काका, ते अक्षर नाही, शब्द आहे."

"मग तर आनखीच वाईट."

तेव्हा मला म्हसाची जत्रा आठवली. थंडीत तिथे गुरांचा एवढा मोठा बाजार भरतो की नजर पोचत नाही. घाटावरून, कुठून कुठून बैल येतात. तिथे 'अ' नक्की सापडेल, असं मला वाटलं. काकांना बैल घ्यायचाच होता. त्यांच्या गाड्यांबरोबर मी सगळा वर्ग नेला.

आणि सापडला! धुळीत, शेणात, रांगांमागून रांगा, सगळे अनोळखी बैल. पोरं हरखून गेली. "अ बुलक! अ बुलक!" करत ती रांगेतून निघाली. विकणारे दचकून बघत होते. माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात आम्ही काकांपाशी पोचलो. बैल घेण्याची एक रीत आहे. आवडलेल्या बैलाकडे बघायचं नाही. काका एका तांबड्या बैलाशेजारी उभे राहून पलीकडच्या घोंगड्यांकडे बघत होते आणि उपरण्याखाली दलालाच्या बोटांशी त्यांच्या बोटांचा भाव चालला होता. तोंडाने मात्र "बैल काय, असे पायलीला पन्नास" असं चाललं होतं. मी तांबड्याकडे बोट करून पोरांकडे पाहिलं.

"द बुलक!" सगळा वर्ग ओरडला. सगळ्यांची बोटं तांबड्यावर.

"अरे, कुठला तरी एक ना?"

"नाय गुरुजी," वैशाखऱ्याचा म्हणाला. "काका मघाधरनं त्याच्याच भवती फिरतात. त्यांना ठावं, आमालाबी ठावं. तोच तो."

दलालाला इंग्रजी येत नव्हतं, पण बोटं दिसत होती. तो हसला आणि उपरण्याखाली त्याने भाव चढवला, हे काकांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. काकांनी हात झटकला आणि मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"काय बोलली ती?"

मी नियम सांगितला. काका धुमसत ऐकत होते. मला वर्गाचं दार बंद होताना दिसत होतं. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "पोरांनो, या इकडं." रांगेच्या टोकाला एक मरतुकडा काळा बैल होता. "याच्याकडं बोटं करून मघाचंच ओरडा. मोठ्यानं!"

पोरं माझ्याकडे बघू लागली. मी काय सांगणार? एकीकडे वर्ग, एकीकडे व्याकरण.

"पन काका, हा 'द' नाय," वैशाखऱ्याचा म्हणाला. "हा तर कुठला तरी हाय."

"ओरड म्हनतो ना!"

आणि सगळा वर्ग काळ्याकडे बोटं करून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "अ बुलक! अ बुलक!"

दलालाने मान वळवली. गिऱ्हाईक काळ्यावर गेलं, असंच त्याला वाटलं असणार. तो धावत आला, काकांचा हात धरून त्याने पुन्हा उपरण्याखाली घेतला, आणि थोड्याच वेळात काकांच्या भावाने तांबडा आमच्या गाडीमागे बांधला गेला.

परतताना काका खुशीत होते. "मास्तर, इंग्रजीत ताकद हाय हो. वर्ग चालू द्या. बापांना मी बघतो."

गप्प बसायला हवं होतं, पण राहवेना. "काका, मुलं तुम्ही सांगितलं ते म्हणालीच नाहीत. त्यांनी 'अ' म्हटलं. आणि तेच बरोबर होतं."

काकांनी मागे वळून पाहिलं. गाडीत पोरं तांबड्याला शेव भरवत होती.

"'अ' म्हना नायतर 'द' म्हना," काका म्हणाले. "पुढल्या साली म्हैस घ्यायचीय. पोरं तयार ठेवा."