मास्तरांनी खुरपलेले ट्रे

तणमावशी नोकरीत नेमकं काय करतात, हे त्यांच्या जावयाला अजून धड सांगता येत नाही. "मातीत बघतात काहीतरी," म्हणतो बिचारा. तर ऐका. शेतात वर आलेलं तण कुणालाही दिसतं. पण मातीत तणाचं किती बी दबा धरून बसलंय, ते मावशी मोजतात. थोडी माती चाळणीत धुवायची, चाळणीत राहिलेलं बी भिंगाखाली चिमट्यानं दाबायचं. टणक लागलं तर जिवंत, फुसकन फुटलं तर मेलेलं. बाकीची माती ट्रेमध्ये पसरून पाणी द्यायचं, उगवेल ते मोजायचं, मोजून उपटायचं, माती हलवून पुन्हा पाणी. बी मोठं बेरकी, एका दमात सगळं कधी उगवत नाही.

यंदा ऑफिसच्या शेडचं छप्पर उतरवलं, म्हणून मावशींनी ट्रे घरच्या गच्चीवर आणले. माती एका शेतकरीणबाईंची होती; त्यांच्या रानातलं बी मावशींनी पूर्वीही एकदा मोजलं होतं. बाई वर्षानुवर्षं तण फुलायच्या आत खुरपत आल्या होत्या, आणि दीर म्हणत होता, कशाला मरमर करता, फरक शून्य. "मावशी, बी कमी झालंय का, तेवढं खरं सांगा," एवढंच त्यांनी मागितलं होतं. आता रानात पेरणी झाली होती, म्हणजे पेरणीआधीची तशी माती पुन्हा मिळणार नव्हती.

ट्रे हिरवेगार झाले. आल्यावर मोजू, म्हणून मावशी लेकीकडे जाऊन आल्या. बघतात तर ट्रे लख्ख! शेजारी मास्तर, म्हणजे मावशींचे यजमान, हाडाचे शिंपी, शाबासकीची वाट बघत उभे.

"किती माजलं होतं गं! तुझे गुडघे दुखतात, म्हटलं आपणच उपटावं."

मावशी ट्रेपाशी वाकल्या. "अहो, ते तण म्हणजेच माझं पीक होतं! आता त्या बाईंना काय तोंड दाखवू?" त्यांना रडूच फुटलं.

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "पण मी फेकलंय कुठं?" म्हणत ते आत गेले आणि एक ओलं फडकं घेऊन आले. त्यात दोऱ्यानं बांधलेल्या जुड्या, प्रत्येकीला ट्रेचा नंबर लिहिलेली चिंधी. "गिऱ्हाइकाचा तुकडा तरी जन्मात इकडचा तिकडे केलाय का मी? ट्रे तुझे, तर कचराही तुझाच. न विचारता कसा फेकू?"

रडता रडता मावशी हसायला लागल्या. जेवण राहिलं बाजूला. मास्तर जुड्या सोडून एकेक रोप पसरत गेले, मावशी नाव घेऊन मोजत गेल्या. सगळी मुळासकट उपटलेली, एक म्हणून तुटलेलं नव्हतं! त्याच रानाच्या जुन्या मोजणीच्या निम्मंसुद्धा भरेना. माती हलवून पुन्हा पाणी द्यायचं बाकी होतं, पण मावशींच्या जिवात जीव आला.

"एक राहिलंय," मास्तर चाचरत म्हणाले. शेवटच्या ट्रेच्या कोपऱ्यात एक रोप उभं होतं. "हे काही उपटवेना. पानाचं कातरकाम बघ. म्हटलं, तुला आवडेल."

गाजरगवत होतं ते. मावशींनी जन्मभर ज्याला शिव्या घातल्या, नेमकं तेच.

मावशींनी ते मोजलं. मोजलं की उपटायचं, हा त्यांचा नियम. उपटलंही. मग आत जाऊन कान तुटलेला कप आणला, कुंडीतली माती भरली आणि रोप त्यात लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.

"फुलायच्या आत काढणार आहे बरं का," त्यांनी दरडावलं.

"काढ की," मास्तर म्हणाले, आणि कपात हळूच पाणी घातलं.